पहिली फेक बिनगरीची : खाडीसाठी आणि धरणासाठी गरी कशी बांधावी

जयगडच्या धक्क्यावर आबा मला पहिल्यांदा गरवायला घेऊन गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. त्यांनी माझ्या हातात तंगूस, म्हणजे गरवायचा नायलॉनचा दोरा, दिला. टोकाला वजनाचं शिसं होतं, गरी, म्हणजे माशाचा गळ, नव्हती. मला वाटलं, लहान आहे म्हणून देत नाहीत. ते म्हणाले, "आधी तळाला विचार तिथं काय आहे, मग गरी बांध."

शिसं टाकायचं, तळाला लागेपर्यंत मनात आकडे मोजायचे आणि मग हळूहळू ओढून आणायचं. चिखल असेल तर शिसं रुततं, जड लागतं आणि एकदम सुटतं. वाळूवर ते सरसरत येतं, हाताला बारीक थरथर लागते. खडकावर टक्, टक् करत अडखळतं. आणि कालवांचा खडक असेल तर तंगूस वर आल्यावर शेवटचा हातभर भाग बोटांतून ओढून बघावा, खरचटलेला लागतो. आबा शिशाच्या बुडाला मेणाचा ठिपका लावत. वर आल्यावर त्याला वाळूचे कण, शिंपल्याचा चुरा किंवा काळा गाळ चिकटलेला असे.

त्या दिवशी गरी मला तासाभराने मिळाली. आज मी पन्नाशीपुढे आहे, लग्नानंतर इंदापूरला आले, खाडी सुटली आणि उजनी धरणाचं पाणी मिळालं. पण पहिली फेक अजून बिनगरीचीच असते. दुकानात आता तयार बांधलेल्या 'रिग' पाकिटात मिळतात, पंधरा-वीस प्रकारच्या. नवी मुलं विचारतात, "ताई, यातली सगळ्यात चांगली कुठली?" या प्रश्नाला उत्तर नाही. तळ कसा आहे, पाणी किती ओढतंय आणि मासा कुठल्या थरात खातोय, या तिघांनी बांधणी ठरते. म्हणून खाली जे लिहिते आहे ते मी तळाप्रमाणे सांगणार आहे.

सामान थोडंच लागतं

खाडीसाठी आठ-नऊ फुटी रॉड, चार हजार नंबरचं स्पिनिंग रीळ, त्यावर साधारण ०.३५ ते ०.४० मिलिमीटर जाडीचा नायलॉनचा तंगूस. धरणावर चिलापीसाठी याहून बारीक, ०.२५ सुद्धा पुरतो. वेणीचा धागा, म्हणजे ब्रेड, मी फक्त मरळसाठी आणि लांब फेकायचं असेल तेव्हा वापरते. तो ताणत नाही, माशाचं टोचणं लगेच हातात येतं. पण कालवांवर घासला की नायलॉनच्या आधी तुटतो. त्यामुळे ब्रेड असेल तर पुढे दीड-दोन हात जाड नायलॉनचा लीडर, म्हणजे गरीच्या आधीचा जोडदोरा, हवाच.

गरीच्या नंबरांत नवे लोक नेहमी फसतात. साधा नंबर जितका मोठा तितकी गरी लहान : १२ नंबर चिलापीची, ८ नंबर मुडदुशीची. एक नंबरच्या पुढे मोजणी उलटी होते आणि तिरक्या रेघेनंतर शून्य येतं : १/०, २/०, ४/०. इथे आकडा वाढला की गरी वाढते. तांबोशीला मी २/० किंवा ३/० लावते, खजुऱ्याला ४/०. रायगडकडे ज्याला जिताडा म्हणतात आणि मालवण-गोव्याकडे चोणक, तोच आमचा खजुरा.

बाकी स्विव्हल, म्हणजे मोकळी फिरणारी जोडकडी, मणी, वेगवेगळ्या वजनाची शिसं, एक नाकाड्या पक्कड आणि नख कापायचं यंत्र. तंगूस दातांनी कापू नका, माझ्या पुढच्या दाताचा कोपरा त्यात गेला आहे.

तीन गाठी

बाजारात गाठींची पुस्तकं आहेत. तीन गाठी डोळे मिटून बांधता आल्या तर खाडी आणि धरण दोन्हींचं काम भागतं.

पहिली गरी किंवा स्विव्हल बांधायची. टोक डोळ्यातून ओवा, मूळ दोऱ्याभोवती पाच-सहा वेढे द्या, टोक परत आणून डोळ्यालगतच्या पहिल्या फटीतून काढा आणि मग जी मोठी फट तयार झाली तिच्यातून पुन्हा घाला. ओढण्याआधी थुंकीने ओली करा. हे सांगायला साधं वाटतं, पण कोरडी गाठ ओढताना घासून तापते आणि नायलॉन तिथेच कमजोर होतो. तांबोशी पहिला हिसका देते तेव्हा तंगूस बरोबर त्या जागी तुटतो. तुटलेलं टोक कुरळं, डुकराच्या शेपटीसारखं आलं तर गाठ सुटली आहे. सरळ आणि खरखरीत आलं तर घासून गेलं आहे. टोक बघितल्याशिवाय नवीन गरी बांधायची नाही.

दुसरी पालोमर, ब्रेडसाठी. दोरा दुहेरी करून डोळ्यातून ओवा, त्या दुहेरी दोऱ्याची साधी सैल गाठ मारा, पुढे राहिलेल्या फासातून अख्खी गरी काढा आणि ओली करून आवळा.

तिसरी बाजूच्या फासाची. तंगुसाच्या मध्येच एक वळसा करा, जिथे दोन दोरे एकमेकांवर येतात तिथे त्यांना सहा पीळ द्या. पिळांच्या बरोबर मध्ये बोटाने फट उघडी ठेवा, वळशाची समोरची कड त्या फटीतून वर काढा, दातात धरा आणि दोन्ही टोकं बाहेर ओढा. मूळ दोऱ्यातून काटकोनात उभा राहणारा फास तयार होतो. पहिले दहा-बारा बिघडतील. घरी बसून जाड सुतळीवर सराव करा, सुतळीवर पीळ दिसतात.

आबांच्या गऱ्यांना डोळाच नसे, दांड्याचं टोक चपटं ठोकलेलं असे. तंगूस दांड्याभोवती गुंडाळून ती बांधायची. अजूनही जुने लोक त्याच वापरतात आणि ती बांधणी फार मजबूत असते, कारण ओढ सरळ दांड्याच्या रेषेत येते.

चिखल आणि वाळू : सरकतं शिसं

शास्त्री नदीच्या खाडीत आत शिरलं की बहुतेक तळ चिखलाचा. तिथे शिसं सरकतं ठेवायचं. मूळ तंगुसात मध्ये भोक असलेलं शिसं ओवा, मग एक मणी, मग स्विव्हल बांधा. स्विव्हलच्या दुसऱ्या कडीला दीड-दोन फुटांचा लीडर आणि त्याच्या टोकाला गरी. मणी शिशाचा मार गाठीवर बसू देत नाही, तो विसरू नका.

यात खुबी ही की मासा आमिष उचलून चालू लागला की तंगूस शिशातून सरकतो, त्याला वजन जाणवत नाही. शिंगटी, खजुरा, पालू हे आमिष उचलून थोडं नेतात. तेवढी सूट त्यांना मिळते. रॉड उभा ठेवून तंगूस बोटावर धरा. एक हलका धक्का आला तर थांबा. तंगूस सलग चालू लागला की रॉड मागे घ्या.

लीडर किती लांब हे पाणी ठरवतं. संथ पाण्यात तीन फूट चालतो, आमिष मोकळं तरंगतं. जोराच्या सुकतीत, म्हणजे ओहोटीत, तोच लीडर मूळ तंगुसाभोवती गुंडाळतो, वर येतं ते दोऱ्याचं भेंडोळं. तेव्हा एक फूट करा.

शिशाचा आकारही तळ बघून. चिखलात चपटं, रुतत नाही. वाळूत चौकोनी पिरॅमिड, धरून बसतं. गोल शिसं वाळूवर लोळतं. पण पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, मुडदुशीला गरवताना मी मुद्दाम लहान गोलच लावते, कारण लाटेबरोबर आमिष थोडं थोडं सरकलं की मुडदुशी त्याच्या मागे येते. ८ नंबरची गरी, कोळंबीचा नखाएवढा सोललेला तुकडा, आणि हळूहळू ओढत राहायचं. सगळ्यात मोठी चूक इथे होते ती लांब फेकण्याची. मुडदुशी बऱ्याचदा पहिल्या फुटणाऱ्या लाटेच्या मागच्या खळग्यात, गुडघाभर-कमरेएवढ्या पाण्यात असते. माणसं तिच्या डोक्यावरून पलीकडे फेकतात.

वजनाचा नियम एकच : जे जागेवर टिकतं त्यातलं सगळ्यात हलकं. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, पाण्यात तीस-चाळीस ग्रॅम टिकतं तिथेच उधाणाला, म्हणजे मोठ्या भरतीला, शंभर लागतात.

खडप : शिसं खाली, गरी वर

तांबोशी आणि गोब्रा खडपात, म्हणजे किनाऱ्याच्या खडकांत, राहतात. तिथे सरकतं शिसं टाकलं की लीडर फटीत जातो आणि सगळं तिथेच राहतं. म्हणून बांधणी उलटी करायची. शिसं अगदी खालच्या टोकाला. त्याच्या वर फूटभर अंतरावर बाजूचा फास, त्यात वीतभर दोऱ्यावर गरी. आणखी दीड फुटावर दुसरा फास, दुसरी गरी. शिसं खडकावर टेकतं, आमिष खडकाच्या वर लोंबतं. तंगूस कायम ताणलेला ठेवायचा. सैल सोडला तर गरी खाली लोळणार आणि बांधणीचा उपयोगच गेला. उधाणाला दुसरी गरी काढून टाका, एकच ठेवा, गुंता निम्मा होतो.

आता आबांची युक्ती, जी मी कुठल्याच पाकिटावर छापलेली पाहिली नाही. शिसं मूळ तंगुसाने बांधायचं नाही. त्याला निम्म्या ताकदीच्या जुन्या, बारीक तंगुसाचा वीतभर तुकडा जोडायचा. खडपात अडकतं ते बहुधा शिसं. ओढलं की कमजोर तुकडा तुटतो, शिसं जातं, पण गऱ्या आणि मासा दोन्ही परत येतात. जाणारच आहे तर शिसं तरी कशाला टाकायचं? गॅरेजमधून जुने स्पार्क प्लग आणा. लांबट असल्यामुळे ते फटीत कमी रुततात आणि पाण्यात शिसं सोडल्याचा दोषही नाही. जाड नट चालतात, भोक असलेला दगडही चालतो.

तांबोशीला जिवंत कोळंबीसारखं आमिष नाही. शेपटीच्या शेवटच्या पेरातून गरी घाला, किंवा डोक्यावरच्या काट्याच्या खालून, आतल्या काळ्या ठिपक्याला धक्का न लावता. तो ठिपका टोचला तर कोळंबी लगेच मरते. लहान कुर्ली, म्हणजे खेकडा, मिळाली तर तिचे आंगडे, म्हणजे नांग्या, काढून, मागच्या पायाच्या खोबणीतून गरी. मेलेली बोय मासळीसुद्धा चालते, पण ताजी हवी, पोटाची पट्टी कापून.

तांबोशी लागली की पहिली तीन सेकंदं तुमची. तिला घर शेजारीच आहे, ती सरळ कपारीकडे वळते. रिळाचा ड्रॅग, म्हणजे दोरा सुटू देणारा ब्रेक, आधीच आवळून ठेवलेला हवा, रॉड वर आणि दोन-चार वेढे झटपट. कपारीत शिरलीच तर ओढू नका. तंगूस पूर्ण सैल सोडा, मिनिटभर, दोन मिनिटं. बऱ्याचदा धोका गेला असं वाटून ती आपण होऊन बाहेर निघते. मला यात सगळ्यात मोठी मिळालेली तांबोशी चार मिनिटं कपारीत होती. शेजारचा मुलगा "ताई तोडा, नवीन बांधा" म्हणत होता. मी तंगूस दोन बोटांत धरून उभी होते. तो हलला, बाहेरच्या बाजूला हलला, आणि तेव्हा मी ओढलं.

खजुऱ्याचं वेगळं. त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड वस्तऱ्यासारखी असते आणि तो पाण्याबाहेर उडी मारून डोकं झटकतो. लीडर चाळीस-पन्नास पौंडांचा हवा, आणि तो उडाला की रॉडचं टोक खाली करा. त्याला कल्ल्यात बोट घालून कधीही उचलू नका.

सुरमई, बळा असे दातांचे मासे जिथे फिरतात तिथे गरीच्या पुढे वीतभर तार लावा. तार लावली की इतर मासे कमी लागतात, म्हणून उगीच लावू नका.

पाणी कधी

बांधणी बरोबर आणि वेळ चुकली तर काही हाती लागत नाही. कोकणात भरतीचा हिशोब तिथीवरून करतात : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ. पंचमीला पाच गुणिले पाऊण, पावणेचार. अष्टमीला सहा. दशमीला साडेसात. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांना हाच हिशोब, दिवसा आणि रात्रीही. सहा तासांनी सुकती संपते. खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते, त्या जागेचा फरक दोन-तीन वेळा जाऊन स्वतः टिपून ठेवायचा. माझ्या वहीत आमच्या धक्क्याचा वेगळा आकडा आहे आणि आतल्या खाजणाचा, म्हणजे भरतीचं पाणी शिरतं त्या दलदलीचा, वेगळा.

खडपात मी भरतीचे शेवटचे दोन तास आणि सुकतीचा पहिला तास धरते. खाजणाच्या तोंडाशी उलट : सुकती लागली की कांदळवनातलं पाणी चिंचोळ्या वाटेने बाहेर पडतं, त्याच्याबरोबर लहान बोय आणि कोळंबी येतात, आणि खजुरा त्या तोंडाशी थांबलेला असतो. तिथे आमिष प्रवाहाच्या मधोमध टाकू नका. जोराचं पाणी आणि संथ पाणी जिथे भेटतं ती रेघ पाण्यावर दिसते, तिच्या संथ बाजूला टाका. मासासुद्धा ताकद वाचवून उभा असतो.

उजनी

इंदापूरला आले तेव्हा धरणाचं पाणी बघून मला तळच समजेना. भरती नाही, सुकती नाही, आणि शिसं टाकलं की कुठे चिखल, कुठे मध्येच भिंत. उजनीच्या पोटात जुनी गावं आहेत. पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, जुने रस्ते, विहिरी, बांध दिसतात. एका भोई काकांनी मला सांगितलं, "ताई, उन्हाळ्यात या, पाणी नसताना. तेव्हाच पावसाळ्याची जागा ठरवायची." मे महिन्यात उघड्या पडलेल्या गाळातून मी वही घेऊन फिरले : इथे बांध, इथे बाभळींचे खुंट, इथे जुना ओढा. खाडीत मी जे शिशाने करत होते ते इथे पायांनी करता येतं. तुमच्या जवळच्या कुठल्याही धरणावर हे करा.

चिलापी ही सुरुवातीची शाळा. मूळचा आफ्रिकेतला मासा, १९५२ साली भारतात आणला, आणि आता उजनीच्या बाजारात सगळ्यात जास्त तोच दिसतो. कितीही धरा. याला तरंगती बांधणी. मोरपिसाचा जाड देठ वीतभर कापा, सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचे दोन बारीक तुकडे दोन टोकांना चढवा आणि त्यातून तंगूस घ्या. देठ वर-खाली सरकवला की खोली बदलते. खाली दोन बारीक शिशाचे दाणे दाबून बसवा, इतके की देठाचं फक्त एक पेर पाण्यावर राहील. जास्त वर राहिला तर लहान मासा आमिष घेऊन जाईल आणि तुम्हाला कळणार नाही. १२ नंबरची गरी, गांडुळाचा अर्धा इंच तुकडा.

खोली मोजायची तर गरीला तात्पुरतं जड शिसं अडकवा. देठ बुडाला म्हणजे खोली कमी ठेवली आहे, आडवा पडला म्हणजे जास्त. बुडणं आणि आडवं पडणं यांच्या मधली खूण धरा आणि मग चार बोटं कमी करा. हीच बांधणी खाडीत काळुंदराला चालते, गांडुळाऐवजी कणकेची किंवा पावाची गोळी लावून.

पाणी रॉडपेक्षा खोल असेल तर देठ पक्का बसवून फेकताच येत नाही. तेव्हा भोकाचा फ्लोट घ्या, तो तंगुसावर मोकळा सरकू द्या. हव्या त्या खोलीवर शिलाईच्या जाड दोऱ्याने तंगुसाभोवती चार-पाच वेढ्यांची गाठ मारा, तिच्या खाली मणी, मग फ्लोट, मग शिसं, स्विव्हल, लीडर, गरी. ती गाठ रॉडच्या कड्यांतून रिळावर जाते, फेकल्यावर परत येते आणि मण्यापाशी अडते.

रोहू, कटला, मृगळ यांच्यासाठी स्प्रिंग. तारेचं वेटोळं असतं, त्याच्याभोवती चार लहान दोऱ्यांवर चार गऱ्या. वेटोळ्यावर पिठाचा लिंबाएवढा गोळा दाबायचा आणि गऱ्यांची टोकं त्यात अलगद खोचायची. माझं पीठ असं : दोन वाट्या शेंगदाण्याची पेंड, एक वाटी भाजलेलं बेसन, एक वाटी कणीक, मूठभर शिळ्या पावाचा चुरा, भाजून कुटलेली बडीशेप, गूळ विरघळवलेलं पाणी. सगळं पाणी एकदम घालू नका. कसं मळायचं याची परीक्षा बादलीत करा : गोळा तळाशी जाईपर्यंत टिकला पाहिजे आणि पंधरा-वीस मिनिटांत विरघळला पाहिजे. तासाभराने अख्खा वर येत असेल तर कणीक जास्त झाली. मासा पीठ चोखतो, सुटी पडलेली गरी त्याबरोबर तोंडात जाते.

तिघांचं खाणं वेगवेगळ्या थरांत. मृगळ तळाला, रोहू मधल्या पाण्यात, कटला वरच्या. म्हणून मृगळला स्प्रिंग तळाला टेकवा. कटल्याला तीच स्प्रिंग मोठ्या फ्लोटखाली हात-दोन हातांवर लोंबती ठेवा. हे मला कळायला दोन वर्षं लागली. शेजारी कटले निघत होते आणि मी त्याच पिठाने तळ चारत होते. आणि एकाच जागी टाकत राहा. चार फेकी चार दिशांना गेल्या तर कुठेच चारा जमत नाही. रॉड मात्र दगडाला किंवा खुंटीला बांधून ठेवा, मोठा कटला स्टँडसकट पाण्यात नेतो.

मरळ पाणवनस्पतीत, कमळाच्या पानांखाली. तिथे उघडी गरी दर फेकीला झाडपाला आणते. पोकळ रबरी बेडूक वापरा, त्याच्या दोन्ही गऱ्या पाठीला चिकटून असतात आणि मासा चावला की अंग दबून त्या बाहेर येतात. मऊ प्लॅस्टिकची अळी असेल तर वाकड्या मानेच्या गरीचं टोक अळीच्या अंगात परत लपवून, पुढे गोळीच्या आकाराचं शिसं मोकळं सोडतात. टेक्सास रिग म्हणतात ती हीच. बेडूक पानावर टाका, थांबा, पाण्यात ओढा, थांबा. मरळने फडाक् करून घेतला तरी लगेच हिसका द्यायचा नाही. एक, दोन मोजा आणि मग जोरात.

पावसाळ्यात पाण्यावर तांबूस लाल पिल्लांचा झुबका दिसला, बुडबुडे काढत फिरणारा, तर त्याच्या खाली मरळचं जोडपं राखण करत असतं. त्या वेळी ते कशावरही धावून येतं, म्हणून लोक मुद्दाम तिथेच बेडूक टाकतात. असं करू नका. आई-बाप गेले की तो झुबका तासाभरात बाकीचे मासे संपवतात. मी दोनदा लोकांशी यावरून भांडले आहे आणि पुन्हा भांडेन.

धरणावर जाण्याआधी परवानगी विचारा. बहुतेक धरणांतला मासेमारीचा ठेका मच्छीमार संस्थांकडे असतो, त्यांचं पोट त्यावर आहे. देवाचे डोह तर सोडूनच द्या. महाडजवळच्या वाळणकोंडीत महाशीर मासे माणसाच्या हातून खातात, ते तिथल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या राखले म्हणून.

मासा हातात आल्यावर

सोडायचा असेल तर गरीचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून टाका. हात ओले करूनच धरा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग मासा सोडूनही जगत नाही. गरी खोल गिळली असेल तर उपसू नका, तंगूस तोंडाशी कापून सोडा. गोल वळलेली सर्कल गरी वापरली तर ती बहुतेक ओठाच्या कोपऱ्यातच लागते. मात्र तिच्याबरोबर हिसका द्यायचा नसतो, नुसतं सावकाश गुंडाळत राहायचं, ती आपण होऊन फिरून बसते. माझ्या बहुतेक खाडीच्या बांधण्या आता सर्कल गरीच्या आहेत.

खजुरा जन्माला नर म्हणून येतो आणि काही वर्षांनी मादी होतो. म्हणजे मोठा खजुरा ही बहुतेक वेळा अंड्यांची मादी. गोब्र्याचं उलट, आधी मादी, मग नर. फक्त मोठे मोठे मारत गेलो तर दोघांच्याही संसारातली एक बाजू रिकामी होते. मी मधल्या आकाराचा एक घरी नेते, मोठा सोडते. आबा सोडत नसत. त्यांच्या वेळी खाडीत खजुरे खूप होते.

शिंगटीला मात्र मान द्या. पाठीवर एक आणि कल्ल्यांमागे दोन, असे तीन करवती काटे, विषारी, आणि ते ताठ उभे राहून अडकतात. बारा वर्षांची असताना एक काटा माझ्या तळव्यात गेला. कोपरापर्यंत ठणका चढला. आईने चुलीवर पाणी गरम केलं आणि सोसवेल इतक्या गरम पाण्यात माझा हात तासभर धरून ठेवला. ते बरोबर होतं, हे विष उष्णतेने निकामी होतं. मोडलेला काटा आत राहिला किंवा सूज वाढली तर डॉक्टरकडे जायचंच. आता मी शिंगटीला हातच लावत नाही, पक्कडीने गरी धरून पाण्यावरच उलटी करते.

खडपावर पोचलात की लगेच पुढे जाऊ नका. पंधरा मिनिटं मागे उभं राहून लाटा बघा, सगळ्यात मोठी लाट कुठवर ओलं करते ते बघा, आणि त्याच्या मागे उभे राहा. समुद्राकडे पाठ करून गाठ बांधायची नाही. कार्बनचा रॉड विजेच्या तारांखालून उभा नेऊ नका, त्यातून वीज जाते. जून-जुलैत तर खडपावर जाऊच नका. यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै बंदी असते. काठावरच्या माणसाला बंदी नसली तरी ते माशांच्या विणीचे दिवस आणि समुद्र खवळलेला. आमच्याकडे नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय आबा दोरी काढत नसत. मी इंदापूरला असले तरी खाडीच्या पेटीला तोवर हात लावत नाही.

त्या पेटीत बांधण्या ठेवायला जुन्या रबरी चपला आहेत. तळवा कापून दोन बोटं रुंद पट्ट्या करायच्या, कडेला खाच पाडायची, बांधणी गुंडाळून गरी रबरात टोचायची. पट्टीवर पेनाने लिहायचं : चिखल, खडप, पुळण, स्प्रिंग. घरून निघण्याआधी प्रत्येक पट्टीवरच्या लीडरवरून नख फिरवा. नख अडलं तर तो दोरा कापून नवा बांधा. आणि एक पट्टी अशी ठेवा जिच्यावर फक्त शिसं आहे, गरी नाही. ती पेटीत सगळ्यात वर.